शॅकल कुठे झुकलंय?

जिप्सी उंच करून घेतलेला माणूस पहिला आठवडा खुशीत असतो. दुसऱ्या आठवड्यात तो कंबर धरून गॅरेजात येतो. पौड रस्त्याच्या आतल्या अंगाला ज्या गॅरेजात मी हे काम पाहिलं, तिथल्या मामांना अशा कंबरा चांगल्या ओळखीच्या आहेत.

समोर होती १.३ लिटरची जिप्सी किंग. दुसरीकडे कुठेतरी दोन इंच उंच केलेली. म्हणजे चारही पाट्यांच्या सेटमध्ये एकेक जादा जाड पाटा, खाली मोठे टायर आणि बाकी सगळं जुनंच. स्पीडब्रेकरवर अगदी सावकाश गेलं तरी आतली माणसं उडतात, ताम्हिणीहून परत येताना बायको निम्म्या वाटेत मागच्या बसने येते म्हणाली, अशी मालकाची कैफियत. शॉकअप गेलेत हे त्यानं ठरवूनच टाकलं होतं. गॅसच्या महागड्या शॉकअपचा सेट फोनवर काढून दाखवला.

“शॉकअप शेवटी, साहेब,” मामा म्हणाले. “आधी हवा बघू.”

हवा निघाली ३५. पंपावरच्या पोराला टायर मोठा दिसला, त्यानं हवाही मोठी भरली. पण जिप्सीचं वजन जेमतेम टनभर. मामांनी टायरच्या रुंदीवर खडूची जाड रेघ ओढली आणि सरळ डांबरी रस्त्यावर गाडी थोडी पुढे नेली. रेघ फक्त मधोमध पुसली गेली होती. टायर मधल्या पट्ट्यावरच उभा होता. थोडी हवा सोडायची, पुन्हा रेघ, पुन्हा फेरी. रेघ काठापासून काठापर्यंत सारखी पुसली तेव्हा काटा २४ वर होता. एक पैसा खर्च न होता गाडीचा बारीक थरथराट निम्मा गेला. मोठा दणका मात्र तसाच.

मग त्यांनी चारही शॉकअपचे खालचे बोल्ट काढले आणि गाडी माणसाच्या चालीनं स्पीडब्रेकरवरून नेली. शॉकअप सुटलेले असूनही दणका तेवढाच बसला. दोष शॉकअपचा असता तर फरक जाणवला असता. मालकानं फोन खिशात ठेवला.

जिप्सी १९८५ च्या अखेरीस आली, १९९६ मध्ये किंग आली, पण उत्पादन थांबेपर्यंत चारही चाकांवर पाटेच राहिले. पाट्याचं एक टोक चासीला पक्कं असतं, दुसरं शॅकल नावाच्या झुलत्या दुव्याला. वजन पडलं की कमान सपाट होते, सपाट झाली की पाटा लांबतो, आणि त्या लांबण्याला जागा द्यायला शॅकल बाहेर झुलतं. शॅकलचं खालचं टोक मुळातच थोडं बाहेर झुकलेलं असेल तर झुलताना ते वर उचललं जातं आणि पाटा मऊ वाटतो. आता जादा पाटा घालून कमान वाढवली की दोन टोकांमधलं अंतर घटतं आणि शॅकल आत ओढलं जातं. मग बाहेर झुलताना त्याचं टोक आधी खाली येतं. खड्डा पाट्याला वर ढकलतो, शॅकल त्याला खाली दाबतं. पाटा तोच, पण जास्त कडक झाल्यासारखा वागतो. मी गाडीखाली आडवा झालो तेव्हा पुढची दोन्ही शॅकल अशीच आत वळलेली दिसली. जिप्सीत ती पुढच्या टोकाला आहेत. त्यामुळे धक्का बसला की चाकाला वर जाताना थोडं पुढेही सरकावं लागतं, म्हणजे ज्या उंचवट्यानं धक्का दिला त्याच्याच अंगावर. हा स्वभाव मूळचाच. उंचीनं तो फक्त चिडवला.

गाडी उंच करणाऱ्यांवर माझा राग इथे आहे. ते उंचीचे पैसे घेतात आणि कडकपणा फुकट देतात. उंची कमानीतून येते, कडकपणा जाडीतून. लांबी-रुंदी तीच ठेवली तर पाट्याचा कडकपणा जाडीच्या घनानं वाढतो. ६ मिलिमीटरच्या जागी ८ चा पाटा टाकला तर तो एकटा सव्वादोन पटीहून जास्त कडक. ताडोबाच्या सफारीत सहा पर्यटक, गाइड आणि चालक अशी आठ माणसं उघड्या जिप्सीत बसतात, तिथे जाड पाटा कामाला येतो. पुण्यात एकट्या माणसाला आणि त्याच्या लॅपटॉपला तो काय वाकणार?

सेट उतरवला. हे काम घाईचं नाही. मधला बोल्ट सुटताच ताणलेले पाटे उसळतात, म्हणून दोन्ही बाजूंना क्लँप लावून हळूहळू सैल करायचे. आत गंज आणि लाल माती यांचा घट्ट लगदा. पाटे एकमेकांवर सरकायला हवेत, इथे ते एकमेकांना धरून बसले होते. तारेच्या ब्रशनं घासून, टोकांची धार मोडून मामांनी ग्रॅफाइटचं ग्रीस लावलं आणि टोकांखाली प्लॅस्टिकच्या चकत्या दिल्या. जळकं इंजिन ऑइल शिंपडणारे पुष्कळ आहेत; त्यावर धूळ बसते आणि महिन्याभरात पॉलिश पेपर तयार होतो. जाड पाटा बाद झाला. त्याच्या जागी पातळ, पण जास्त कमान दिलेला आला. पाऊण इंच उंची गेली. मालकाचा चेहरा उतरला, पण शॅकल मात्र बाहेर झुकलं.

जोडताना मामांनी एक गोष्ट केली, जी बहुतेक ठिकाणी विसरतात. शॅकलचे आणि पक्क्या टोकाचे बोल्ट त्यांनी आधी हातानंच बसवले. गाडी टेकूच्या घोड्यांवरून उतरवली, बोनेट धरून दोन-चार वेळा दाबली आणि मग पाना लावला. चाकं अधांतरी असताना बोल्ट आवळले तर रबरी बुश त्या स्थितीत जखडतात. गाडी खाली आली की ते पिळलेलेच राहतात. असा प्रत्येक बुश एक लपलेली स्प्रिंग असतो, शिवाय लवकर फाटतो. जुने बुश काढले तेव्हा त्यांचं रबर एका बाजूला चिरलेलं होतं.

आता बंपस्टॉप, म्हणजे चाक फार वर आलं तर ॲक्सल ज्याला टेकतो तो रबरी ठोकळा. त्याच्या रबराला ग्रीस फासून गाडी कच्च्या रस्त्यावर नेऊन आणली. ॲक्सलवर पुसट ठसा उमटला होता. म्हणजे मोठ्या खड्ड्यात चाक टेकतं, पण आदळत नाही. उलट बाजू वाईट निघाली. एक कड उचलून चाक लोंबकळू दिलं, तर जुना शॉकअप पाट्याच्या आधीच पूर्ण ताणला जात होता. खड्ड्यात चाक पडताना येणारा ‘टक्’ हा लोखंडी आवाज तिथला. शॉकअप बदलायचाच होता, पण लांबीसाठी.

एक गोष्ट मालकाला मी सांगितली, ती त्याला आवडली नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल पाहता, कंपनीनं दिलेली रचना मनानं बदलणं ही नुसती हौस राहत नाही. अपघातानंतर विमा कंपनी पहिल्यांदा खाली वाकून बघते.

गाडी मोटारीसारखी झाली नाही. ती कधीच होणार नव्हती. पण स्पीडब्रेकरवर आता एकच हेलकावा येतो. पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळायला या, नवे पाटे बसतात आणि बोल्ट सैल पडतात, असं मामांनी बजावलं. मग फरशीवर खडूनं दोन मापं लिहिली: चाक पूर्ण लोंबकळताना शॉकअपची लांबी आणि बंपस्टॉपला टेकल्यावरची लांबी. या दोन मापांत बसणारा साधा ऑइलचा शॉकअप मिळाला तर तोच घ्या, म्हणाले. जास्त दाबाच्या गॅस-शॉकअपचा दांडा स्वतःच गाडी वर ढकलतो, आणि असा सेट बहुधा दोन टनांच्या गाड्यांसाठी बनवलेला असतो.