आजीच्या नावाने, दिवाळीच्या सुटीत

दिवाळी आली की आपल्या झाडीपट्टीतली घरे भरतात. नागपूर, पुणे, रायपूरकडे नोकरीला गेलेली मुले परत येतात, भाऊबीजेला लेकी-जावई येतात, आणि भाऊबीज झाली की गावोगावच्या मंडया सुरू होतात. आज या गावची, उद्या शेजारच्या गावची. दिवसा दंडार, रात्री नाटक आणि घरोघरी पाहुण्यांच्या पंगती. वर्षभर ज्या घरात दोन म्हातारी माणसे राहतात, तेथे वीस-पंचवीस ताटे लागतात. अशा घरातली आजी वर्षभरात गेलेली असेल, तर तिची उणीव पहिल्याच पंगतीला जाणवते. बऱ्याच घरांत त्या वर्षी सण करीत नाहीत. फटाके नाहीत, गोडधोड नाही. सगळे जमलेले असतात, पण करायचे काय, हे कोणालाच सुचत नाही.

त्याच आठवड्यात रक्तपेढीतली शीतपेटी रिकामी होत आलेली असते. या दोन गोष्टींची सांगड घालता येईल का, एवढाच या लेखाचा विषय आहे.

दिवाळीत रक्ताचा तुटवडा का पडतो, हे समजून घेणे अवघड नाही. आपल्याकडचे बरेचसे ऐच्छिक रक्तदान शिबिरांतून होते आणि शिबिरे भरतात ती महाविद्यालये, कार्यालये व मंडळांच्या जोरावर. दिवाळीत हे सगळे बंद. १ ऑक्टोबर हा राष्ट्रीय ऐच्छिक रक्तदान दिन. १९७५ पासून तो पाळला जातो आणि त्या सुमारास शिबिरेही पुष्कळ होतात. परंतु रक्त हे काही कोठीतले धान नव्हे. पूर्ण रक्त साधारण ३५ दिवस टिकते. वेगळ्या केलेल्या तांबड्या पेशी विशिष्ट द्रावणात ४२ दिवसांपर्यंत चालतात, तर प्लेटलेट्स अवघ्या ५ दिवसांत निकामी होतात. म्हणजे १ ऑक्टोबरला घेतलेली पिशवी फार तर नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यापर्यंत कामाची. पुढे काय? उन्हाळ्याच्या सुटीतही हीच गत होते.

गरज मात्र सुटीवर जात नाही. गोंदियाच्या बाई गंगाबाई स्त्री रुग्णालयात (आपण सारे नुसते ‘गंगाबाई’ म्हणतो) देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावपासूनच्या बाया बाळंतपणाला येतात. बाळंतपणानंतर अर्ध्या लिटरहून अधिक रक्त गेले की तो अतिरक्तस्राव समजतात. आधीच अंगात रक्त कमी असलेल्या बाईच्या बाबतीत पुढचा खेळ तासा-दोन तासांचा असतो. त्या वेळी नातेवाइकांना रक्तदाता शोधायला पळवणे म्हणजे उशीर. रक्त आधीच तपासून, शीतपेटीत तयार असले पाहिजे.

दुसरा मोठा वर्ग सिकलसेलच्या रुग्णांचा. पूर्व विदर्भाला हा आजार नवा नाही. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि हाडे फुटावीत अशा वेदना होतात. थंडी, ताप, अंगातले पाणी कमी होणे, अतिश्रम यांमुळे या वेदना उसळतात. आपल्याकडे दिवाळीत थंडी पडू लागते आणि धानाची कापणीही तेव्हाच ऐन भरात असते. या रुग्णांपैकी काहींना वरचेवर रक्त लागते. थॅलेसेमियाच्या मुलांना तर दर दोन-चार आठवड्यांनी रक्त द्यावेच लागते. त्यांच्या पाळीची तारीख लक्ष्मीपूजनाच्या दिवशी आली, तर ती पुढे ढकलून भागत नाही. या रुग्णांना शासकीय रक्तपेढीतून रक्त विनामूल्य मिळते, पण मिळण्यासाठी ते आधी पेढीत हवे.

पूर्वी रक्त विकणारे लोक असत. रुग्णालयाच्या फाटकापाशीच सौदा होई. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निकालानंतर १ जानेवारी १९९८ पासून हा धंदा बंद झाला आणि ते योग्यच झाले, कारण पैशासाठी रक्त देणारा माणूस आपला आजार लपवतो. तेव्हापासून सारी भिस्त तुमच्या-आमच्यावर आहे.

आता आजीकडे वळू. तिच्या नावाने तेरवीला गावजेवण होते, वर्षश्राद्ध होते. ऐपत असेल तर मंदिरात फरशी किंवा शाळेला पंखा दिला जातो. हल्ली आणखी एक पद्धत पडली आहे. पुण्यतिथीला मंडप घालायचा, फोटोला हार, चौकात फ्लेक्स, आणि एका दिवसात शंभर-दोनशे पिशव्या रक्त जमवायचे. हेतू चांगलाच असतो. पण स्पष्ट सांगायचे तर रक्तपेढीला असा पूर नको असतो. एकाच दिवशी आलेले रक्त एकाच सुमारास कालबाह्य होते, आणि ते सगळे दाते पुढचे तीन महिने बाद ठरतात. त्यापेक्षा एका कुटुंबातल्या आठ जणांनी वर्षभर पाळीपाळीने जाणे अधिक उपयोगाचे, मग फ्लेक्स लागो न लागो.

यासाठी आपले पंचांगच मदतीला येते. विदर्भात अक्षय तृतीयेला पितरांच्या नावाने घागर भरतात. दिवाळीचा पाडवा कार्तिकातला, अक्षय तृतीया वैशाखातली; मध्ये सुमारे सहा महिने. पुरुषाला दोन रक्तदानांत किमान ९० दिवसांचे आणि स्त्रीला १२० दिवसांचे अंतर ठेवावे लागते. म्हणजे भाऊबीजेला रक्त दिलेली मुलगी आणि मुलगा दोघेही अक्षय तृतीयेला पुन्हा निर्धास्तपणे देऊ शकतात. आणि नेमका तोच उन्हाळी टंचाईचा काळ असतो! राहिलेले चार जण, विशेषतः गावातच असणारे, यांनी एकदा माघी पौर्णिमेला कचारगडची यात्रा भरते त्या सुमारास आणि एकदा पोळ्याच्या सुमारास जावे. या दोहोंतही सहा महिन्यांहून अधिक अंतर पडते. आजीला तिथी-वार तोंडपाठ असत. आता तिच्या तिथ्यांवर घरातल्यांनी चालायचे.

रक्त कोण देऊ शकतो? वय १८ ते ६५, वजन किमान ४५ किलो, हिमोग्लोबिन १२.५ ग्रॅम किंवा त्याहून अधिक. ज्याने कधीच रक्त दिलेले नाही, त्याने साठीनंतर सुरुवात करू नये. मलेरिया बरा होऊन तीन महिने झालेले असावेत. सालेकसा-देवरीकडच्या लोकांनी ही गोष्ट आवर्जून सांगावी. वर्षभरात अंगावर गोंदवून घेतले असेल तर थांबावे. बाळंतपणाला वर्ष झाले नसेल किंवा पाळी चालू असेल, तर बाईने देऊ नये. सिकलसेलचे वाहक असल्याचे माहीत असेल तर तेही सांगावे, निर्णय तेथील डॉक्टर घेतील. एका वेळी ३५० किंवा ४५० मिलिलिटर रक्त घेतात. त्यातला पातळ भाग एक-दोन दिवसांत भरून निघतो, तांबड्या पेशींना चार ते आठ आठवडे लागतात. रक्त दिल्याने कायमची कमजोरी येते, ही समजूत अजून गावागावांत आहे. तिला आधार नाही.

येथे एक गोष्ट घडते, तिच्यासाठी मनाची तयारी असावी. घरातले आठ जण हौसेने जातात आणि दोन-तीन सुना-मुली परत पाठवल्या जातात. हिमोग्लोबिन कमी भरते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. म्हणजे निम्म्याहून जास्त! अशी बाई हिरमुसून घरी येते, बाकीचे तिला चिडवतात, विषय संपतो. तो संपू देऊ नये. आजी सगळ्यांची जेवणे झाल्यावर उरलेसुरले खात होती, हे आपण कौतुकाने सांगतो. तिला आयुष्यभर धाप लागत असे, थकवा येत असे, हेही सांगतो. या दोन गोष्टींचा संबंध मात्र जोडत नाही. परत पाठवलेल्या सुनेला त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे, कारण शोधावे आणि लोहाच्या गोळ्या सांगितल्या तर त्या पूर्ण महिने घेतल्या जातील हे पाहावे. चहाबरोबर गोळी घेऊ नये, लिंबाच्या सरबताबरोबर चालते. सिकलसेलची तपासणी झालेली नसेल तर तीही करून घ्यावी. पुढच्या दिवाळीत तिचे हिमोग्लोबिन साडेबारा भरले, तर आजीच्या नावाने याहून मोठे काम त्या घरात झाले नसेल.

आणखी एक. घरातल्या वडीलधाऱ्यांचा उत्साह कधी कधी जबरदस्तीकडे झुकतो. ‘आजीसाठी एवढे करणार नाही?’ असे चारचौघांत विचारले की नवा जावई नाही म्हणू शकत नाही. हे धोक्याचे आहे. प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, दोन प्रकारची कावीळ, गुप्तरोग व मलेरिया यांसाठी तपासणी होते हे खरे. परंतु लागण अगदी ताजी असेल तर ती तपासणीत सापडत नाही. म्हणून दात्याने खरे सांगणे ही पहिली चाळणी. रक्तपेढीत प्रत्येकाला एकट्याला बसवून प्रश्न विचारतात, ते गुप्त ठेवतात. घरच्यांनी आत डोकावू नये. बाहेर येऊन कोणी ‘मला नाही जमले’ म्हणाले, तर कारण विचारू नये.

ज्यांना रक्त देता येत नाही त्यांचे काय? आजोबा, शाळकरी नातवंडे, परत आलेल्या सुना यांनाही काम आहे. एका नातवाने भिंतीवरच्या कॅलेंडरवर प्रत्येकाचा रक्तगट आणि शेवटच्या रक्तदानाची तारीख लिहून ठेवावी. एक-दोन घरांची अशी यादी पुढे आळीची होते. खेड्यातून आलेल्या रुग्णाजवळ बहुधा एकच नातेवाईक असतो, तोही दिवाळीत घरापासून दूर. त्याच्यासाठी डबा न्यायचा असेल तर आधी वॉर्डातल्या परिचारिकेला विचारावे आणि साधे वरण-भात-पोळी न्यावी. चिवडा-लाडूंचे डबे त्या दिवसांत सगळेच आणतात. रुग्णाला परस्पर काही भरवू नये. आपल्या गावात सिकलसेलचे मूल असेल आणि त्याचे आई-बाप कापणीत अडकले असतील, तर त्याला तपासणीच्या तारखेला दवाखान्यात नेऊन आणणे, हीदेखील सेवाच आहे. त्याच्यासाठी पाण्याची बाटली आणि स्वेटर मात्र सोबत असावे.

जाण्याआधी रक्तपेढीत फोन करावा. सणाच्या दिवशी रक्तपेढी चालू असली तरी दाते घेण्याची वेळ बदललेली असू शकते, आणि कोणत्या गटाची निकड आहे हेही कळते. निकड नसलेल्या गटाच्या माणसाने पंधरा दिवस थांबलेले बरे. भाऊबीजेनंतर आणि आपल्या गावच्या मंडईच्या आधी असा एखादा मोकळा दिवस निवडावा, मंडईच्या रात्रीचे जागरण झाल्यावर नको. दारू घेतलेल्याने तर त्या दिवशी जाऊच नये. उपाशीपोटी जाऊ नये. चार तासांच्या आत जेवलेले असावे आणि पाणी भरपूर प्यावे. रक्त दिल्यावर दहा-पंधरा मिनिटे तेथेच बसावे. घरी परतताना मोटारसायकल दुसऱ्याला चालवू द्यावी, आणि ज्या हातातून रक्त दिले त्या हाताने त्या दिवशी धानाचे पोते उचलू नये.