बुधवारचे स्पॉक

तेच व्हिडिओ, तेच प्राध्यापक. तरी ऑनलाइन अभ्यासक्रम एका कॉलेजात रुजतो आणि शेजारच्या कॉलेजात का नाही, हे बघून या, असं संपादकांनी सांगितलं. म्हणून मी तालुक्याच्या गावातलं एक इंजिनिअरिंग कॉलेज गाठलं.

हे अभ्यासक्रम 'एनपीटेल'चे. ते २००३ साली सात आयआयटी आणि बंगळुरूच्या आयआयएससीने मिळून सुरू केलं. २०१४ पासून त्यात परीक्षा आणि प्रमाणपत्रं आली. नाव नोंदवायला पैसे नाहीत, परीक्षेला मात्र फी आहे. मुलं गळतात ती या दोन टप्प्यांच्या मध्ये. तिथं हात धरणारा माणूस म्हणजे 'स्पॉक', कॉलेजच्या लोकल चॅप्टरचा समन्वयक.

इथले स्पॉक मेकॅनिकलचे सर आहेत. बहुतेक असाइनमेंटची मुदत बुधवारी रात्री ११:५९ ला संपते. त्या संध्याकाळी ते मेंटरच्या पानावर रिकामे रकाने शोधत बसतात आणि एकेकाला फोन लावतात. "पाचवी राहिलीय रे तुझी. जेवून लॅबमध्ये ये." होस्टेलचं नेट रडतखडत चालतं, म्हणून प्राचार्यांची सही आणून त्यांनी बुधवारी लॅब उशिरापर्यंत उघडी ठेवून घेतली आहे. बारा आठवड्यांच्या अभ्यासक्रमात उत्तम आठ असाइनमेंटचे गुण धरतात, एकूण २५. उरलेले ७५ केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे. केंद्र जिल्ह्याच्या गावी. रविवारी कॉलेजची बस मिळवणं हेही सरांकडेच. या माणसाबद्दल मला फार आदर वाटला, आणि काळजीही.

कारण हे सगळं त्यांच्या वर्कलोडमध्ये कुठेच धरलेलं नाही. यूजीसीने २०२१ मध्ये 'स्वयम'वरचे, म्हणजे एनपीटेलचे अभ्यासक्रम जिथे चालतात त्या सरकारी पोर्टलवरचे, क्रेडिट ४० टक्क्यांपर्यंत घ्यायला मुभा दिली. पण ते गुणपत्रिकेवर यायचे तर अभ्यास मंडळ, विद्यापरिषद, परीक्षा विभाग अशी फाइल फिरवावी लागते. तिकडचा निकाल आणि इकडची गुण भरायची तारीख जुळत नाही. क्रेडिट मिळेल की नाही याची खात्री नसली की हुशार मुलंसुद्धा परीक्षेची फी भरत नाहीत. ज्यांनी भरली, त्यांच्यातही असाइनमेंटची उत्तरं व्हॉट्सॲपवर आधीच फिरतात. मग बुधवारचे रकाने भरलेले दिसतात आणि परीक्षेत दांड्या उडतात. सर आता मुलांना समोर बसवून गणितं सोडवून घेतात, म्हणजे आणखी वेळ.

आठवड्याचे चार तास कमी करून द्या, असा अर्ज त्यांनी दिलाय. उत्तर आलेलं नाही. पुढच्या सत्राची नोंदणी सुरू झाली आहे आणि स्पॉक म्हणून कॉलेजने पुन्हा त्यांचंच नाव कळवलंय.