इंजिन कधी तापते, यावरून कळते बिघाडाचे मूळ

एप्रिल-मे महिन्यांत हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो. भर दुपारी पंजागुट्टा किंवा अमीरपेट परिसरात वाहनांची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत असते आणि तिच्यातील एखाद्या मोटारीच्या तापमानदर्शकाचा काटा तांबड्या रेषेकडे झुकू लागतो. अनमोड किंवा चोर्ला घाट चढून तेलंगणात वाहन नेणाऱ्या गोमंतकीयांवरही हा प्रसंग ओढवू शकतो. अशा वेळी दोन चुका महागात पडतात. पहिली, ‘आता गॅरेज जवळच आहे’ म्हणून गाडी तशीच दामटणे. दुसरी, घाईघाईने रेडिएटरचे झाकण उघडणे.

इंधन जळून निर्माण होणाऱ्या उष्णतेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच चाकांच्या कामी येतो. जवळपास तितकाच भाग धुरावाटे निघून जातो आणि उरलेली बरीचशी उष्णता वाहून नेण्याची जबाबदारी कूलंटवर असते. वॉटर पंप त्याला इंजिनभर फिरवतो, थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांच्या आसपास उघडून त्याला रेडिएटरकडे जाऊ देतो आणि तेथे पंख्याचा वारा त्याला निववतो. समुद्रसपाटीपासून ५०० मीटरहून अधिक उंचीवर वसलेल्या हैदराबादेत उघड्या भांड्यातील पाणी सुमारे ९८ अंशांवरच उकळते. रेडिएटरच्या बंद झाकणाआडील दाबामुळे मात्र कूलंट १२० अंशांपर्यंतही न उकळता राहू शकते. तापलेल्या इंजिनाचे झाकण उघडताच हा दाब नाहीसा होतो, द्रव क्षणार्धात उकळून उसळतो आणि चेहरा व हात गंभीररीत्या भाजतात.

म्हणून काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करावे आणि हीटर पूर्ण क्षमतेने सुरू करावा. त्यामुळे इंजिनाची थोडी उष्णता आत ओढली जाते. सुरक्षित जागा मिळताच गाडी कडेला घेऊन इंजिन बंद करावे आणि निदान अर्धा तास थांबावे. इंजिनावर गार पाणी ओतू नये. तापलेल्या धातूला त्याने तडा जाऊ शकतो. इंजिन बंद असतानाही विजेवर चालणारा पंखा अचानक फिरू लागतो, हे ध्यानी ठेवून हात दूर ठेवावा. इंजिन पूर्ण निवल्यावरच कूलंटची पातळी पाहावी.

बिघाडाचे निदान करताना इंजिन ‘किती’ तापले यापेक्षा ‘कधी’ तापले, हा प्रश्न अधिक उपयोगी ठरतो. शहरातील कोंडीत काटा चढतो, पण शहराला वेढणाऱ्या १५८ किलोमीटरच्या बाह्य वळण रस्त्यावर वेग घेताच तो खाली येतो, असे असेल तर संशय पंख्यावर जातो. वेगात समोरचा वारा पंख्याचे काम करतो. गाडी थांबली की पंख्याचा दोष उघडा पडतो. त्याचा फ्यूज, रिले आणि मोटर या क्रमाने तपासावेत. याउलट, कोंडीत सारे ठीक. पण मोकळ्या रस्त्यावर किंवा चढणीला गाडी तापत असेल, तर रेडिएटर आतून तुंबला असावा किंवा वॉटर पंप अशक्त झाला असावा. किनारपट्टीवर वावरलेल्या गाडीच्या रेडिएटरच्या पातळ पट्ट्या खाऱ्या हवेने झिजल्या आहेत का, हेही पाहावे. सकाळी गाडी सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा चढत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकलेला असणे, कूलंट कमी असणे किंवा नळ्यांत हवा अडकणे ही कारणे संभवतात. कधी कधी तापलेला काटा एकाएकी खाली येतो. हे शुभचिन्ह मानू नये. कूलंट संपत आल्याने संवेदक कोरडा पडल्याचे ते लक्षण असू शकते.

रेडिएटर आतून तुंबण्यामागे बहुधा पाणीच असते. हैदराबादच्या अनेक वसाहतींत नळाच्या पाण्याला कूपनलिकेची किंवा टँकरची जोड द्यावी लागते. खडकांतून उपसलेले हे पाणी बहुधा जड असते. गिझरच्या कॉइलवर साचणारा पांढरा थर अशा पाण्याने रेडिएटरच्या बारीक नळ्यांतही साचतो. वाटेत नाइलाजाने साधे पाणी घातले असेल, तर पुढे संपूर्ण प्रणाली धुऊन, उत्पादकाने सांगितलेले कूलंट डिस्टिल्ड वॉटरमध्ये योग्य प्रमाणात, बहुधा निम्मे-निम्मे मिसळून भरावे आणि अडकलेली हवा काढून टाकावी. जुने कूलंट मात्र उघड्यावर ओतू नये; ते गोडसर लागते आणि जनावरांना विषारी असते.

उष्ण प्रदेशांत काही मेकॅनिक थर्मोस्टॅट काढूनच टाकण्याचा सल्ला देतात. तो मानू नये. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, इंधन अधिक जळते आणि झीज वाढते. शंका असल्यास काढलेला थर्मोस्टॅट पातेल्यातील पाण्यात ठेवून पाणी तापवावे. त्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास तो उघडला नाही, तर बदलावा.

गळती दिसत नसूनही कूलंट कमी होत असेल, धुराड्यातून सतत पांढरा धूर येत असेल किंवा ऑइलला दुधाळ रंग आला असेल, तर हेड गॅस्केट फुटल्याची शक्यता असते. अशी गाडी चालवू नये, ओढून न्यावी. पंख्याचा रिले किंवा रबरी नळी बदलणे हे थोड्या खर्चाचे काम असते. तेवढ्यावर न थांबता तापलेले इंजिन आणखी काही किलोमीटर पळवले, तर ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि दुरुस्तीचा खर्च अनेक पटींनी वाढतो. काटा तांबड्या रेषेला टेकण्यापूर्वी रस्त्याकडेला काढलेला अर्धा तासच हा खर्च वाचवतो.