बाळाचे कार्ड माहेरीच राहिले

पहिले बाळंतपण माहेरी, ही आपल्याकडची रीतच. आमची सूनबाई मालेगावची. नातू तिथेच जन्मला. जन्मवेळच्या आणि दीड महिन्याच्या लसीही तिथेच झाल्या. मग मायलेकरे मनमाडहून रेल्वेने श्रीरामपूरला आली. पुढच्या दोन खेपांच्या लसी आशाताईंनी बोलावले तेव्हा इथे झाल्या. नवव्या महिन्यात मामूचे लग्न निघाले आणि सगळे पुन्हा मालेगावला गेले.

नातू दीड वर्षाचा असताना त्याला ताप आला. डॉक्टरांनी सहज विचारले, "गोवर-रुबेलाचा पहिला डोस झाला का?" सूनबाईने नानीला फोन लावला. नानीला वाटत होते, तो श्रीरामपुरात झाला असेल. आम्हाला वाटत होते, मालेगावात. कार्ड नानीच्या कपाटात होते. तिने फोटो पाठवला. नऊ महिन्यांचा रकाना कोराच होता!

ताप उतरल्यावर पहिला डोस दिला, महिन्याने दुसरा. मधल्या काळात काही झाले नाही, अल्लाहचे आभार. पण २०२२ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या गोवंडीत, भिवंडीत आणि मालेगावातही गोवर पसरला होता, हे आपण विसरलेलो नाही. लस राहिलेली मुले अशा साथीत आधी सापडतात.

विचार केला तेव्हा ध्यानात आले की, एकाच लेकराची माहिती किती ठिकाणी विखुरलेली असते. लसी माता व बाल संरक्षण कार्डावर. वजन-उंची अंगणवाडीताईंच्या मोबाईलमध्ये, पोषण ट्रॅकरवर. आजारपण खासगी डॉक्टरांच्या फाईलमध्ये. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जी तपासणी होते, तिची नोंद आणखी वेगळी. ही तपासणी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातली. २०१३ साली तो आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. प्रत्येकाजवळ एकेक तुकडा आहे, पूर्ण मूल कुणालाच दिसत नाही.

हे तुकडे जोडायचे काम आता सरकारने हाती घेतले आहे. लसीकरणासाठी 'यू-विन' ही नोंदणी २०२३ च्या जानेवारीत काही जिल्ह्यांत सुरू झाली आणि नंतर देशभर नेली गेली. तिथे नोंद असेल, तर दुसऱ्या गावच्या केंद्रावरही आधीच्या लसी दिसतात. 'आभा' हा चौदा आकडी आरोग्य क्रमांक पालकांना मुलासाठीही काढता येतो. मात्र खासगी दवाखान्यातली लस तिथे आपोआप चढेल, असे धरून चालू नये; विचारून घ्यावे.

यात आपल्या घरांची एक खास अडचण आहे. बाळाचे नाव आपण सातव्या दिवशी, अकीक्याला ठेवतो. तोवर दवाखान्यात नोंद झालेली असते ती आईच्या नावाने, 'अमुकचे बाळ' अशी. पुढे एका कागदावर मोहम्मद, दुसऱ्यावर मुहम्मद. आईचे नाव कुठे माहेरचे, कुठे सासरचे. मोबाईल नंबर एकदा मामूचा, एकदा अब्बांचा. संगणकाला ती दोन मुले वाटतात. म्हणून नाव ठरताच ते जन्मनोंदणीत घालून घ्यावे; एक वर्षापर्यंत त्याला शुल्क लागत नाही. मग तेच स्पेलिंग आणि एकच नंबर सगळीकडे द्यावा.

भगिनींनो, आमच्या घरी आता तीन गोष्टी ठरल्या आहेत. बाळ जिथे जाईल तिथे कार्ड जाईल, मग ते लग्न असो की आजारपण. प्रत्येक लसीनंतर कार्डाचा फोटो अम्मी आणि अब्बा दोघांच्या मोबाईलमध्ये राहील. खासगी डॉक्टरांनी दिलेली लसही कार्डावर लिहून घेतली जाईल आणि आशाताईंना कळवली जाईल. कार्ड हरवलेच तर गप्प बसायचे नाही, दुसरे मागायचे. डोस चुकला म्हणून संकोचही नको. गोवर-रुबेलाची लस पाच वर्षांपर्यंत देता येते.

आज संध्याकाळी एवढे करा. कपाट उघडा, कार्ड काढा आणि कोरा रकाना राहिला आहे का, ते पाहा.