अपरिचित गावी पहिला दिवस

व्यापाऱ्यास प्रवास नवा नाही. परंतु मालासाठी केलेला प्रवास निराळा आणि विसाव्यासाठी केलेला निराळा, हे आपल्या व्यापारी बंधूंच्या सहसा ध्यानी येत नाही. कुटुंबास घेऊन चार दिवस बाहेर पडलो तरी आपण येणी वसूल करावी तशी स्थळे उरकीत सुटतो. पहिल्याच दिवशी पाच ठिकाणे होतात. रात्री मुले रडकुंडीस येतात, वडीलधाऱ्यांचे पाय सुजतात, आणि पाहिले काय हे कोणासच धड सांगता येत नाही.

आमच्या धंद्यात नव्या पेठेत गेल्या दिवशीच सौदा करू नये असे आम्ही मानतो. आधी वानगी तळहातावर घ्यावी, दाणा निरखावा, चार माणसांशी बोलावे. सौदा दुसऱ्या दिवशी. हाच नियम प्रवासास लावावा, एवढेच आमचे सांगणे आहे. बेत हवेत राहू नये म्हणून उत्तर कन्नड जिल्ह्यातील जोयडा हे तालुक्याचे गाव उदाहरणादाखल घेतो.

हा जिल्हा १८६२ पासून १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात व पुढे मुंबई राज्यात होता. त्यामुळे कन्नड व कोंकणीबरोबर मराठीही येथे समजते. मात्र शहरातील सोयींची अपेक्षा धरू नये. तालुका विस्ताराने मोठा, वस्तीने विरळ आणि बहुतेक अरण्यमय. पूर्वी तालुक्याचे ठाणे सुपा येथे, काळी व पांढरी ह्या नद्यांच्या संगमावर होते. १९८० च्या दशकात गणेशगुडीजवळ १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि सुपा पाण्याखाली गेले. तेथील अनेक कुटुंबे रामनगरच्या वसाहतीत आली. तालुक्याचा कारभार जोयड्यास आला. एवढी हकीकत ज्यास ठाऊक आहे त्यास हे लहानसे गाव निराळेच दिसू लागते. ज्यास ठाऊक नाही तो 'येथे पाहण्यासारखे काय आहे?' असे म्हणून गाडी पुढे हाकतो.

आता दिवसाचा क्रम. पावसाळा संपल्यावर, कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. बेळगावहून खानापूर, रामनगर, जगलबेट ह्या मार्गाने सकाळी लवकर निघावे. रस्ता रानातून जातो. घाई करू नये. उतरण्याची जागा आधीच ठरवावी आणि भोजनाचे नियमही आधीच स्पष्ट कळवावेत. सूर्यास्तापूर्वी जेवण, उकळलेले पाणी व कंदमूळ वर्ज्य, हे आयत्या वेळी सांगितल्यास यजमानाची धांदल होते आणि आपली उपासमार. येथे तर ही गोष्ट विशेष जपावी लागते, कारण कंद हे ह्या तालुक्यातील कुणबी समाजाचे मानाचे पीक आहे. हिवाळ्यात त्यांचा कंदमुळांचा मेळाही भरतो. आपणांस ते खाता येत नाही म्हणून नाक मुरडू नये. ज्या जमिनीने त्यांस पिढ्यान् पिढ्या पोसले तिचे ते फळ आहे. कौतुकाने पाहावे आणि भाताचे ताट मागून घ्यावे.

दुपारी जेवण झाल्यावर तासभर आडवे व्हावे. ह्या विश्रांतीस कोणी आळस म्हणेल. साठी उलटलेल्या माणसास ती औषध आहे. मग पायी गावात निघावे. किराणा मालाच्या दुकानी थांबावे, स्थानिक तांदळाचे नाव विचारावे, दाणा हातात घ्यावा. चहाच्या दुकानी एखादा वृद्ध भेटल्यास जुन्या सुप्याविषयी आदराने विचारावे. तो बोलला तर ऐकावे, न बोलला तर आग्रह करू नये. ज्याचे गाव बुडाले त्याची आठवण ही प्रवाशाच्या करमणुकीची वस्तू नव्हे.

ह्यानंतर एकच स्थळ पाहावे, आणि ते म्हणजे सुप्याचा जलाशय. प्रत्यक्ष धरणावर जावयाचे असल्यास परवानगीची चौकशी आधी करावी. नाहीतर रस्त्यावरून जेवढे पाणी दिसेल तेवढे पुरे. डिग्गीच्या बाजूस उगम पावून कारवारजवळ समुद्रास मिळणारी काळी नदी येथे अडविली आहे. तिच्या पाण्यावर वीज निर्माण होते. आपल्या दुकानांतील दिवे कोणाच्या तरी घरदाराच्या मोलाने लागतात, हे मुलांस तेथे उभे राहून सांगावे. तासभराच्या पुस्तकी पाठाने जे साधणार नाही ते तेथे क्षणात साधेल.

पाचच्या सुमारास परतावे, दिवस मावळण्यापूर्वी जेवून घ्यावे. भोवतालच्या अरण्याचा मोठा भाग २००७ साली व्याघ्र प्रकल्पात आला आणि २०१५ पासून त्यास काळीचे नाव आहे. तेव्हा अंधारात रानरस्त्यावर भटकणे शहाणपणाचे नाही. शिवाय मोबाईलचा संपर्क सर्वत्र मिळेल असे नाही. घरी खुशाली कळवावयाची ती उजेडीच कळवावी.

उळवीचे चन्नबसवण्णांचे समाधिस्थान, सिंथेरीचा प्रचंड खडक, अणशीचा घाट ही सर्व दुसऱ्या-तिसऱ्या दिवसासाठी ठेवावीत. ती कोठे जात नाहीत. पहिल्या दिवशी गावाची ओळख झाली असेल तर पुढे मार्ग सांगणारी, अडीअडचणीस धावणारी माणसे आपोआप मिळतात. पेठेत पत जशी हळूहळू जमते, तशीच परक्या गावातील ओळखही. ज्या बंधूंस यंदा सवड काढता येईल त्यांनी हा क्रम अवश्य अनुभवून पाहावा.