धामणीचे धनुष्य

धनुष्य म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे दसऱ्याच्या सोंगातला राम उभा राहतो आणि त्याच्या हातातले सोनेरी कागद डकवलेले कामटीचे धनुष्य. २०२३ साली बर्लिन येथील जागतिक तिरंदाजी स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी व नागपूरचे ओजस देवतळे अजिंक्य ठरले. तेव्हापासून आमच्या संस्थेतील मुलांचे मात्र कागदी धनुष्यावर समाधान होईना. त्या स्पर्धेतली धनुष्ये धातूची, कप्प्यांची व कृत्रिम तंतूंची. त्यांची किंमत ऐकूनच आम्ही हात जोडले. तेव्हा लाकडाचे खरे धनुष्य आपणच का करू नये, असे मुलांनी विचारले आणि आम्ही वडील मंडळी त्यात गुंतलो. पहिले धनुष्य मोडले, दुसरे टिकले. असे का झाले, तेवढे येथे सांगावयाचे आहे.

आपल्या बेळगाव-खानापूरकडच्या रानात आणि खाली गोव्याच्या घाटात धामण नावाचे झाड होते. (त्याच नावाचा साप निराळा; मुलांनी पहिली शंका तीच काढली.) कानडी मंडळी त्यास तडसल म्हणतात. संस्कृतात त्याचे नाव धन्वन, म्हणजे नावातच धनुष्य आहे. कावडीच्या दांड्या व कुऱ्हाडीचे दांडे या लाकडाचे करीत आले आहेत. भरल्या कावडीची दांडी पावलागणिक लवते व पुन्हा सरळ होते. धनुष्यास हवा तो गुण हाच.

आमची पहिली चूक अशी की, आम्ही धामणीची चिरलेली फळी आणली. दिसावयास ती सुंदर होती. रंधा मारून दोन्ही बाजू आरशासारख्या केल्या, आकार दिला, दोरी चढवली. वीस इंचांच्या आसपास ओढताच फटाक्यासारखा आवाज झाला आणि एक कपच ओढणाऱ्या मुलाच्या भुवईवर बसली. दोन टाके पडले. डोळा वाचला, ही देवाची कृपा. आमच्या अकलेचा त्यात काही वाटा नव्हता.

हे असे का व्हावे? धनुष्याची जी बाजू नेमाकडे असते तिला आपण पाठ म्हणू व ओढणाऱ्याकडची ती पोट. धनुष्य वाकले की पाठ ताणली जाते व पोट दाबले जाते. लाकूड म्हणजे लांब तंतूंची घट्ट बांधलेली मोळी. तंतू टोकापासून टोकापर्यंत अखंड असला तर ताण सोसतो; मध्येच तुटलेला असला तर त्याचे टोक उचलते, शेजारच्या तंतूस सोडवते आणि तीच चीर पुढे धावते. करवत सरळ रेघेत चालते, पण झाड काही सरळ रेघेत वाढत नाही. म्हणून फळीत कित्येक तंतू तिरपे कापले जातात. उरलेले आम्ही रंध्याने कापले. पोटाचे लाकूड हरले तर बारीक सुरकुत्या दाखवून आधी सूचना देते. पाठ सूचना देत नाही.

दुसऱ्या खेपेस रीतसर मिळालेला धामणीचा ओंडका घेतला. (जंगलातले झाड परवानगीवाचून तोडू नये, हे सांगणे नलगे.) तो चिरला नाही, पाचरी ठोकून फोडला. फुटताना लाकूड आपल्या तंतूंच्याच वाटेने फुटते. मग साल सोलली. ही साल मोठी वाखट, तिचा दोरही वळतात. सालीखाली जे लाकूड लागले तीच धनुष्याची पाठ. तिला पुढे रंधा नाही, तासणी नाही, साधी कानसही लावली नाही. जेथे लहानसा उंचवटा होता तेथे तो तसाच ठेवला. इंग्लंडात यू झाडाची धनुष्ये करीत, त्यांतही सालीलगतचे पांढरे लाकूड पाठीला व आतले तांबूस लाकूड पोटाला ठेवीत. १५४५ साली बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या जहाजाच्या अवशेषांत अशी शंभराहून अधिक धनुष्ये सापडली आहेत.

ओले लाकूड वाकते, पण परत येत नाही. म्हणून टोकांना व पाठीला लाखेचा हात देऊन ती फाक छपराखाली सावलीत आडवी ठेवली. लाख न लावल्यास टोके आधी वाळून तडकतात. दर रविवारी तिचे वजन करून वहीत मांडत गेलो. आठव्या महिन्यात आकडा हलेनासा झाला, तेव्हा सुताराला बोलावले.

लांबी साडेपाच फूट, मध्ये चार इंचांची मूठ. मुठीजवळ भुजांची रुंदी पावणेदोन इंच, टोकाशी अर्धा इंच. जाडीही टोकाकडे क्रमाने उतरती. जे लाकूड काढावयाचे ते सारे पोटाकडून. येथे एक हिशेब ध्यानात ठेवावा. रुंदी दहाव्या हिश्शाने कमी केली तर धनुष्याचा जोर दहावा हिस्साच उतरतो. जाडी तितकीच कमी केली तर पाव हिश्शाहूनही अधिक उतरतो. म्हणून वाकसाचे काम संपले की कानस, आणि कानशीनंतर फुटक्या काचेचा तुकडा. आमचा सुतार काचेने खरवडण्यास हसला होता. दोन दिवसांनी तो स्वतःच खिडकीची फुटकी तावदाने शोधू लागला.

खरे काम यापुढे. भिंतीवरच्या खुंटीवर मूठ टेकवली, टोकांच्या खाचांत लांब सैल दोरी अडकवली, ती खालच्या कप्पीतून ओवून पाच-सहा हात दूर उभे राहून ओढू लागलो. मध्ये तानकाटा. भिंतीवर कोळशाने आडव्या रेघा. दोन्ही भुजा सारख्या वाकतात की नाही ते या रेघांवर कळते. जेथे भुजा ताठ राहते तेथे पेन्सिलीची खूण करून तेवढेच खरवडावयाचे. जेथे फार वाकते तेथे हात लावावयाचा नाही, कारण काढलेले लाकूड परत चिकटत नाही. दर खरवडणीनंतर वीस-तीस वेळा अर्धवट ओढून सोडावयाचे, तेव्हा कोठे लाकडाला तो बदल समजतो. मुलांसाठी आम्ही २५ पौंडांचा जोर ठरवला होता. काट्यावर २५ दिसले की तेथेच थांबावे, थोडे खरवडावे आणि मग पुढचा इंच ओढावा. या कामी अकरा संध्याकाळी गेल्या. खालची भुजा किंचित ताठ ठेवली, कारण बाण मुठीच्या वरून जातो व खालच्या भुजेवर भार अधिक येतो.

दोरीचा इतिहास मोठा मजेचा आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ताड, बांबू, लाकूड व शिंग यांची धनुष्ये सांगितली आहेत आणि दोरीसाठी मूर्वा, रुई, सण, बांबू व स्नायू अशी द्रव्ये दिली आहेत. मूर्वेच्या वाखाची म्हणून दोरीस मौर्वी हे नाव पडले. आम्ही मात्र डेक्रॉनचे बारा पदर मेण लावून वळले. दोरी चढवल्यावर मुठीपासून तिचे अंतर सहा-सात इंच असावे.

मुलांच्या आईवडिलांनी दोन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहाव्यात. बाण न लावता ओढलेली दोरी कधी सोडू देऊ नये. जो जोर बाणाने न्यावयाचा तो धनुष्यातच राहतो आणि चांगले धनुष्यही एका क्षणात फुटते. आणि नेमाच्या मागे मातीचा उंच बांध असल्यावाचून बाण सोडू देऊ नये, कारण २५ पौंडांचे धनुष्यही खेळणे नव्हे.

आमचे धनुष्य आज संस्थेच्या कचेरीत दोन खुंट्यांवर आडवे, दोरी उतरवून ठेवलेले आहे. दोरी उतरवली तरी ते दीड इंच वाकलेलेच राहते. दबलेल्या पोटाची ती खूण, तिला इलाज नाही. पावसाळ्यात लाकूड ओल धरते म्हणून तेव्हा ते खाली काढीत नाही. त्याच ओंडक्याची दुसरी फाक छपराखाली आहे. वहीतले तिचे वजन अजून उतरते आहे.