उघडा डाव

बिलियर्ड किंवा पूल हे शब्द कानी पडले की आपल्यातील बहुतेक संसारी माणसांच्या कपाळाला आठी पडते. तंबाखूचा धूर, दारूचा वास, पैजेचे पैसे आणि रात्र रात्र घराबाहेर राहणारे तरुण, असेच काहीसे चित्र त्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ही समजूत सर्वस्वी निराधार आहे असे आम्हांला म्हणावयाचे नाही. परंतु हिरव्या बनातीने मढविलेल्या ह्याच टेबलावर, पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स ह्यांनी १९५८ साली कलकत्ता येथे हौशी खेळाडूंचे जागतिक अजिंक्यपद मिळविले आणि १९६४ साली ते पुन्हा जिंकले, हेही विसरून चालणार नाही. टेबल स्वतः पापी नसते आणि पुण्यवानही नसते. त्याच्याभोवती उभा राहणारा माणूस कोणत्या मनाने काठी हाती धरतो, हाच खरा प्रश्न होय.

हा प्रश्न ज्यांच्या जीवनाने अगदी स्पष्ट करून दाखविला, अशा एका स्त्रीची आठवण आज आम्ही वाचकांस करून देणार आहोत. त्यांचे नाव मासाको कात्सुरा. परंतु त्यांची थोरवी नीट ध्यानी यावयाची तर प्रथम त्या जगातील एका धंद्याची ओळख करून घ्यावी लागेल.

अमेरिकेतील पूलच्या अड्ड्यांवर ‘हसलर’ म्हणून ओळखला जाणारा एक वर्ग फार दिवसांपासून आहे. हसलर हा खेळात निष्णात असतो, परंतु ते तो कोणास कळू देत नाही. अनोळखी गावी, अनोळखी अड्ड्यावर तो साध्या प्रवाशासारखा शिरतो. स्वतःची उत्तम काठी न आणता भिंतीवरची एखादी वाकडीतिकडी काठी उचलतो. सोपे फटके चुकवितो, आपल्या नशिबाला बोल लावतो आणि दोनचार लहान पैजा हसत हसत हरतो. समोरच्या गड्याला चेव येतो व तो पैजेची रक्कम वाढवितो. मग हसलर जिंकू लागतो, पण तेही एकदोन गुणांनीच. कारण हरणाऱ्याला ‘आज दैव फिरले, उद्या मी जिंकेन’ असे वाटत राहिले पाहिजे. ही युक्ती उघडकीस आली तर मार खाण्याचीही तयारी ठेवावी लागते. वॉल्टर टेव्हिस ह्या अमेरिकन लेखकाने १९५९ साली ह्याच धंद्यावर एक कादंबरी लिहिली आणि १९६१ साली तिच्यावरून निघालेल्या चित्रपटाने ‘हसलर’ हा शब्द जगभर नेला.

ह्या धंद्यातील लबाडी तर कोणाच्याही ध्यानात येईल. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथात ह्या विषयी स्पष्ट शिकवण आहे. नशिबाचे खेळ किंवा पैजा ह्या स्वतःच अन्यायाच्या ठरत नाहीत. परंतु त्यांपायी माणसाच्या स्वतःच्या अथवा इतरांच्या गरजेचा घास हिरावला जाऊ लागला की त्या नीतीला सोडून जातात. जुगाराची आसक्ती माणसाला गुलाम करू शकते, आणि खेळात फसवणूक करणे हा गंभीर अपराध होय, असा त्या शिकवणीचा आशय आहे.

पण फसवणुकीच्या जोडीला ह्या धंद्यात आणखी एक दुःख दडलेले आहे. हसलरला आपला उत्तम खेळ कधीच पुरता खेळता येत नाही. हरताना तो कला झाकतो आणि जिंकतानाही झाकतो. प्रभू येशूने सांगितलेल्या तालान्तांच्या दृष्टान्तातील तिसऱ्या सेवकाने धन्याचे धन भीतीने जमिनीत पुरले. हा माणूस आपली देणगी लोभाने पुरून ठेवतो. देवाने दिलेली देणगी लोकांपासून लपविण्यातच ज्याची भाकरी आहे, त्याच्या हाती पैसा आला तरी त्याच्यासारखा दरिद्री कोण?

आता वाचकांनी असा विचार करून पाहावा, की अशा अड्ड्यावर एखादी निष्णात स्त्री आली तर काय होईल? तिला सोंग घ्यावेच लागणार नाही. ती काठी हाती घेण्यापूर्वीच पुरुषांनी तिला कमी लेखलेले असते. हा अनायासे मिळालेला बुरखा पांघरून पैसे कमावणाऱ्या स्त्रियाही त्या जगात होऊन गेल्या. परंतु लपणे हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांची नावे विजेत्यांच्या यादीत कोठून सापडणार? मासाकोबाईंना हा बुरखा जितका साजला असता तितका क्वचितच कोणास साजला असता. त्यांची उंची जेमतेम पाच फूट आणि वजन सुमारे नव्वद पौंड, म्हणजे अवघे चाळीस किलो होते. तरीही त्यांनी नाव मिळविले ते भर दिव्यांच्या उजेडात, जाहीर सामन्यांत, जेथे प्रत्येक गुण सर्वांसमक्ष लिहिला जातो.

मासाको हिचा जन्म ७ मार्च १९१३ रोजी टोकियो येथे झाला. ती बारा वर्षांची असताना पितृछत्र हरपले व ती थोरल्या बहिणीच्या आश्रयास गेली. बहिणीच्या यजमानांचे बिलियर्डचे दुकान होते. तेथे लोक पैसे देऊन खेळावयास येत. प्रकृतीने अशक्त असलेल्या ह्या मुलीला तेथे खेळाचा नाद लागला आणि चौदाव्या वर्षी ती त्याच दुकानात नोकरीस राहिली. पोरकेपण, नाजूक देह आणि पुरुषांनी गजबजलेली जागा! अशा ठिकाणी मुलीचे काय होईल, ही शंका कोणाही आईबापाच्या मनात आली असती. त्या मुलीने मात्र तेथे सराव केला. पंधराव्या वर्षी ती जपानच्या स्त्रियांच्या स्पर्धेत अजिंक्य ठरली.

हा खेळ आपल्याकडे परिचित असलेल्या बिलियर्डहून निराळा असल्याने त्याविषयी दोन शब्द सांगणे अवश्य आहे. ह्या टेबलाला भोके नसतात. तीनच चेंडू असतात. आपल्या चेंडूने उरलेल्या दोन्ही चेंडूंना स्पर्श केला की एक गुण मिळतो. हा झाला साधा प्रकार. ‘थ्री-कुशन’ नावाच्या प्रकारात मात्र दुसऱ्या चेंडूला लागण्यापूर्वी आपला चेंडू टेबलाच्या कडांवर निदान तीन वेळा आपटला पाहिजे. साध्या प्रकारात निष्णात खेळाडू एका पाळीत शेकडो गुण करतो. थ्री-कुशनमध्ये त्या काळी जगातील उत्तम खेळाडूंनाही सरासरीने एका पाळीस एकच्या आसपास गुण मिळाला तरी समाधान वाटे. येथे शक्तीचे काम थोडे आणि भूमितीचे, संयमाचे व हलक्या हाताचे काम फार. १९३७ साली जपानचे नामांकित विजेते किनरे मात्सुयामा ह्यांची दृष्टी मासाकोबाईंच्या खेळावर गेली आणि हा अवघड प्रकार त्यांनी त्यांना शिकविला. गुरू मोठा खरा, पण शिष्येला कमी न लेखण्याची त्याची दृष्टी त्याहूनही मोठी!

पुढे महायुद्ध आले. युद्धकाळात मासाकोबाईंनी जपानी सैनिकांपुढे आपल्या खेळाचे प्रयोग केले, आणि जपानच्या पराभवानंतर टोकियोत आलेल्या अमेरिकन सैनिकांपुढेही केले. काल ज्यांना शत्रू म्हटले त्यांच्यापुढे आज कला दाखवावयाची, ह्यात त्या मनात काय काय उलथापालथ झाली असेल ते देव जाणे. त्या सैनिकांपैकी व्हर्नन ग्रीनलीफ नावाचे एक गृहस्थ त्यांच्याकडे खेळ शिकू लागले आणि १९५० साली उभयतांचा विवाह झाला. १९५१ च्या अखेरीस पतीची बदली झाली, तेव्हा त्या अमेरिकेत आल्या. इंग्रजी त्यांना फारसे येत नव्हते. युद्ध संपून सहाच वर्षे लोटली होती. जपानी माणसाला तेथील नागरिकत्व घेण्याची मुभा कायद्याने दिली, तीदेखील १९५२ साली.

त्याच १९५२ च्या मार्च महिन्यात सॅन फ्रान्सिस्को येथे थ्री-कुशनची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा भरली. अनेक वेळा जगज्जेते ठरलेले वेल्कर कॉक्रन हे तिचे आयोजक होते. मासाकोबाईंच्या कौशल्याची वार्ता त्यांच्या कानी आली होती. प्रत्यक्ष खेळ पाहिल्यावर त्यांची खात्री पटली व त्यांनी बाईंना निमंत्रण दिले. बिलियर्डच्या जागतिक अजिंक्यपदासाठी खेळणाऱ्या त्या पहिल्या स्त्री होत. त्या महिन्यात त्यांना एकोणचाळीस वर्षे पूर्ण झाली. दहा खेळाडूंत त्या सातव्या आल्या. पुढच्याच वर्षी जगज्जेते झालेले रे किलगोर ह्यांनाही त्यांनी ह्या स्पर्धेत हरविले. १९५३ साली शिकागो येथे त्या पाचव्या आणि १९५४ साली ब्वेनोस आयरेस येथे चौथ्या स्थानापर्यंत पोहोचल्या. सातवी, पाचवी, चौथी! पायरी पायरीने वर चढणारा हा आलेख नुसत्या दैवाचा असू शकत नाही.

परंतु त्या काळची वर्तमानपत्रे काय लिहीत होती? त्यांच्या उंचीविषयी, वजनाविषयी, रेशमी पोशाखाविषयी आणि उंच टाचांच्या पादत्राणांविषयी! लोक गर्दी करून येत, ते पुष्कळदा एक नवल पाहावयास. टेबलावर चेंडू काढीत असलेल्या सुंदर रेषा किती जणांनी पाहिल्या असतील? हसलर आपली कला आपल्या हाताने झाकतो; येथे ती उघड्यावर ठेवलेली असताना पाहणाऱ्यांचीच दृष्टी झाकलेली होती. हा अन्याय बाईंनी मुकाट्याने सोसला आणि त्याचे उत्तर काठीनेच दिले.

१९६१ साली हॅरॉल्ड वर्स्ट ह्या जगज्जेत्याबरोबर अजिंक्यपदासाठी त्यांचे सामने झाले. त्यांत त्या हरल्या. पूलच्या अड्ड्यावरील लबाडीचे चित्र रुपेरी पडद्यावरून जगापुढे आले, ते ह्याच साली. त्या चित्रपटाला प्रेक्षकांची वाण पडली नाही. इकडे ही प्रामाणिक खेळाडू मात्र कोणताही गाजावाजा न करता स्पर्धांच्या जगातून दूर झाली. १९६७ साली पती वारले. त्यांना मूलबाळ नव्हते. परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्या माणसांपासून दूर असे वैधव्य म्हणजे काय, हे ज्या घरांतील माणसे पोटासाठी समुद्रापार गेली आहेत त्यांना निराळे सांगावयास नको.

त्यानंतर त्यांच्याविषयी फारसे काही ऐकू आले नाही. १९७६ साली एके दिवशी सॅन फ्रान्सिस्कोतील एका बिलियर्डगृहात त्या अवचित आल्या. कोणाची तरी काठी मागून घेतली आणि साध्या प्रकारात, एकदाही न चुकता, शंभर गुण केले. मग स्मित करून जमलेल्या लोकांना वाकून नमस्कार केला आणि त्या निघून गेल्या. पैज नव्हती, बक्षीस नव्हते. पंधरा वर्षांच्या मौनानंतरही हातातील देणगी शाबूत होती. १९९० च्या सुमारास त्या मायदेशी बहिणीकडे परतल्या व १९९५ साली त्यांनी इहलोकीची यात्रा संपविली.

मासाकोबाईंना आम्ही संत म्हणून वाचकांपुढे ठेवीत नाही. त्यांच्या अंतःकरणाचा हिशेब परमेश्वरापाशी आहे. पण त्यांच्या आयुष्यातून आपल्या घरांसाठी दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट आपल्या मुलग्यांसाठी. आपल्या गावी बिलियर्डचे टेबल नसेल, पण कॅरमचा बोर्ड आणि पत्त्यांचा जोड कोठे नाही? सणासुदीच्या दिवसांत चार घटका खेळण्यात दोष नाही. मात्र आधी मुद्दाम हरून मग शेजाऱ्याच्या मुलाची मजुरी खिशात घालावयाची, ह्याला जर कोणी हुशारी म्हणत असेल तर त्याला तेथल्या तेथे थांबवावे. ज्या घरात त्या संध्याकाळी तांदूळ येणार होता त्या घरातील चूल त्या हुशारीने विझते. आणि जिंकणाऱ्याच्या हाताला एकदा लपवाछपवीची सवय जडली की ती बोर्डापाशी थांबत नाही. ती बाजारात येते, पतिपत्नीच्या बोलण्यात येते आणि शेवटी पापनिवेदनाच्या जागीही येते.

दुसरी गोष्ट मुलींसाठी, आणि ती आईबापांनी ऐकावयाची आहे. मुलीच्या जातीला हे कशाला हवे, असे म्हणून आपण किती देणग्या मापाखाली झाकून ठेवतो! कोणाचा गळा गोड असतो, कोणाला गणित चटकन सुटते, कोणाचा हात सुईवर चालतो, तर कोणी धावण्यात मुलग्यांना मागे टाकते. बारा वर्षांच्या पोरक्या मुलीच्या हातातील काठी तिच्या बहिणीने व मेहुण्याने काढून घेतली असती तर त्यांना कोणी दोष दिला नसता. त्यांनी ती तिच्या हाती राहू दिली. मुलीवर नजर ठेवणे हे आईबापांचे कर्तव्य आहे, परंतु ती नजर तिच्यातील देणगी पाहण्यासाठीही असावी. ती देणगी तुमची नव्हे, तिचीही नव्हे; देणाऱ्याची आहे, आणि तो एके दिवशी हिशेब मागणार आहे.

येत्या रविवारी मिस्साहून घरी परतल्यावर प्रत्येक आईबापाने आपल्या एकेका लेकराकडे क्षणभर पाहावे आणि देवाने ह्याच्या किंवा हिच्या पदरात काय घातले आहे, असे स्वतःला विचारावे. उत्तर सापडले तर त्याबद्दल देवाचे आभार मानावेत, आणि ते घराच्या कोपऱ्यात न ठेवता उजेडात आणावे.